सागवानाच्या दोन पेट्या

माणसं घरात शिरण्याआधी दार वाजवतात. रूबेनभाऊ शिरल्यावर वाजवायचे. आत आले की उघड्या दाराच्या फळीवर मधल्या बोटाचं पेर दोनदा आपटायचं, मान डावीकडे कलती करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. "भुसा हाय आत, फ्लोराबाय. वरून पातळ पापुद्रा, मधे भुसा. सरकारनं आपल्याला दार नाय दिलं, दाराचा फोटो दिलाय." एवढं झालं की मग शालोम, आणि मग चहा.

इस्रायलमधल्या येरुहाम गावच्या शिकूनमध्ये, म्हणजे सरकारने नव्या आलेल्यांसाठी बांधलेल्या चाळवजा इमारतीत, त्यांचं दार माझ्या दारासमोर होतं. भुसा दोन्हीकडे सारखाच. पासष्टच्या पुढेमागे मुंबईहून आमची काही बेने इस्रायली घरं तिथे येऊन पडली. पडली हाच शब्द बरोबर आहे. ट्रक थांबला, उतरा म्हणाले, उतरलो. पुढे वाळवंट, मागे वाळवंट, मधे आम्ही. मी कुपात होलीममध्ये, म्हणजे दवाखान्यात, नर्सच्या हाताखाली लागले. रूबेनभाऊ कारखान्यात लागले. मुंबईत ते एका थिएटरात आवाजाचे मेकॅनिक होते. पडद्यामागे उभं राहून उमेदीची सगळी वर्षं ज्याने नटनट्यांचे गळे सांभाळले, त्याच्या हातात इथे आधी झाडू आला, मग मशीनचा दांडा. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. त्यांची सगळी कुरकुर लाकडाबद्दल असे.

वाजवून पाहायची ती खोड त्यांना कुठेच आवरत नसे. एकदा दवाखान्यात डॉक्टरने त्यांची छाती बोटांनी ठोकून पाहिली, तर यांनी डॉक्टरचं टेबल ठोकून पाहिलं. डॉक्टर रुमानियाचा. त्याला वाटलं, हिंदुस्थानात अशीच रीत असेल. सिनेगॉगमध्ये तोरा वाचायच्या चौथऱ्याला नवा कठडा बसवला, तेव्हा ऐन प्रार्थनेत टक् टक् असा आवाज आला. हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, वाचता वाचता थांबले. सगळे आमेन म्हणाले आणि त्या मागोमाग भाऊंचा आवाज आला, "पाइन." बायकांच्या बाजूला सारावहिनींनी पदर तोंडावर ओढून घेतला. सारावहिनी म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, गोरी, तोंडाने फटकळ, आणि नवऱ्यापायी लाज वाटून घेण्यातच जिचा जन्म गेला अशी.

हे सगळं चाललं होतं ते दोन स्पीकरांसाठी. त्यांच्या थिएटरने जुनी यंत्रं काढून नवी बसवली, तेव्हा बोलपट सुरू झाले त्या काळातले दोन लाउडस्पीकर भंगारात निघाले. भाऊंनी ते मागून घेतले. हातभर रुंद कागदी शंकू, ओतीव लोखंडाचा सांगाडा, आणि मागे तांब्याच्या तारेचं भलंमोठं वेटोळं. त्यातला लोहचुंबक जन्मजात नव्हता. वेटोळ्यात वीज सोडली की तेवढ्यापुरता व्हायचा. एकाला उचलायला दोन माणसं लागत. दिसायला दोघे सारखेच, पण भाऊ एकाला थोरला म्हणत आणि एकाला धाकटा. धाकट्याचा गळा जरा बसका होता. थिएटरातल्या त्यांच्या मूळच्या पेट्या वाळवीने खाल्लेल्या, म्हणून भाऊंनी त्या मुंबईतच टाकल्या आणि स्पीकर तेवढे साध्या खोक्यांत बांधून बोटीत घातले. "पेट्या काय, तिथं बनवू," म्हणाले. सागवानाच्या देशातला माणूस हे बोलला आणि वाळवंटात उतरला.

त्या स्पीकरांच्या येण्याचीही एक कथा झाली. त्याच बोटीतून आमच्या नव्या सिनेगॉगसाठी कोकणातल्या एका गावाने आपली जुनी सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेला धर्मग्रंथ, पाठवली होती. तोराची गुंडाळी आणि थोरला, दोन्ही एकाच सुताराने एकसारख्या खोक्यांत बंद केलेले. समुद्राच्या पाण्याने वरची नावं पुसली. हैफाहून ट्रक आला तेव्हा सिनेगॉगच्या पत्र्याच्या शेडपुढे सगळा समाज जमलेला. बायकांनी डब्यात लावलेल्या सब्जाच्या काड्या आणल्या होत्या. पुरुषांनी खोकं खांद्यावर घेतलं आणि नाचत आणलं. ज्याने त्याने खोक्याला बोटं लावून ती ओठांना लावली. म्हातारे रडले. हझानांनी फळ्या उचकटल्या, पेंढा बाजूला केला, आणि आतून काळं लोखंड निघालं.

 शेजारची मोरोक्कन बाई म्हणाली, "मा झे?" हे काय आहे? आणि गर्दीतून रूबेनभाऊ हात वर करून पुढे आले. "थोरला हाय माझा. जपून."

पण कथा इथे संपत नाही. खरी तोरा तोपर्यंत आमच्या इमारतीच्या जिन्याशी उतरवली होती, आणि नवरा खोकं वर न्यायला येईपर्यंत काय करायचं म्हणून सारावहिनी तिच्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. कळल्यावर त्या ताडकन उठल्या. हझानांनी भाऊंना उपास सांगितला. वहिनींना काही सांगितलं नव्हतं, त्यांना काय ठाऊक असणार? तरी भाऊ संध्याकाळी जेवायला बसले आणि वहिनी पुढचे कितीतरी सोमवार-गुरुवार, म्हणजे आमचे उपासाचे वार, जेवल्या नाहीत. "तुमच्या ह्या लोखंडापायी मी तोरावर बसले," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की भांडण कुठवर आलंय ते भिंतीपलीकडून कळायचं. हे वाक्य आलं की संपत आलं.

वहिनींचंही एक होतं. त्यांचं कपाट. त्यांच्या वडिलांचा अलिबागेकडे तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आमचे लोक, शनवार तेली, त्यांतलेच ते. घाणा बसला तेव्हा त्यांनी बैल विकला आणि लेकीच्या लग्नाला सागवानी कपाट करून दिलं. पुरुषभर उंच, एका दाराला आरसा, आणि अख्ख्या कपाटात एक खिळा नाही, सगळ्या खुंट्या आणि खाचा. वहिनी त्याला बैलाचं कपाट म्हणत. ते सुटं करून बोटीतून आणलं आणि येरुहामच्या त्या काडेपेटीएवढ्या खोलीत रूबेनभाऊंनीच पुन्हा जोडलं. जोडताना एकेक फळी त्यांच्या हातातून गेली, एकेक वाजवून झाली. त्याच दिवशी त्यांच्या डोक्यात किडा शिरला. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, वहिनी कपाटाला खोबरेल चोळायच्या. त्या कोरड्या हवेत लाकूड तेल पिऊन टाकायचं. मागच्या खुर्चीत बसून भाऊ बघत राहायचे.

"काय बघताव?" वहिनी विचारायच्या.

"तुला."

"मला नाय बघत. कपाट बघताव. माझं मयत उचलल्यावर कापा."

पेटी का लागते, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. आवाज तर असाही येतोय. भाऊंनी मला समोर बसवलं. "हे बघ. कागद पुढं सरकतो तवा पुढून हो म्हणतो. त्याच वेळेला मागून नाय म्हणतो. हो आणि नाय हवेत एकमेकांना खाऊन टाकतात. मधे फळी पाहिजे. फळी नसली तर माणसाला नुसती कुजबुज आयकू येते." मग म्हणाले, "आणि फळी मुकी पाहिजे. आपण मधे बोलायचं नाय."

मुकी फळी त्यांना मिळेना. संत्र्यांच्या खोक्यांची पेटी केली, ती खुळखुळली. प्लायवूडची केली, तिने माझ्या भावाच्या मेंदीच्या रात्री असा काही सूर धरला की नवरीच्या आईने कान झाकले. बेर्शेव्याहून बसच्या टपावर निलगिरीच्या फळ्या आणल्या. हमसीनचा गरम वारा सुटला आणि आठवड्यात त्यांना चिरा गेल्या. प्रत्येक पेटी झाली की भाऊ वाजवायचे, मान कलती करायचे, आणि म्हणायचे, "ही बोलते." झालं. दुसऱ्या दिवशी पेटी चुलीत. इमारतीखालच्या मिकलातमध्ये, म्हणजे बाँबपासून लपायच्या तळघरात, त्यांनी आपलं दुकान मांडलं होतं. तिथल्या काँक्रीटच्या भिंतीवर खडूने पेट्यांचे नकाशे काढलेले असत. बंद पेटी, खाली भोक ठेवलेली पेटी, आत नागमोडी वाट असलेली पेटी. युद्धाच्या दिवसांत आम्ही सगळे तिथे जाऊन बसायचो, तेव्हा पोरांची तोंडं त्या नकाशांकडे असायची. माझा धाकटा मुलगा त्यांना किल्ले समजायचा.

वाळवंटाने स्पीकरांचे कागदही खाल्ले. मुंबईच्या दमट हवेत वाढलेले ते शंकू इथे पापडासारखे कडक झाले आणि तडकले. भाऊंनी तांदळाची खळ शिजवून ते सांधले. वरून ठिगळाला कागद लावला तो विमानाने आलेल्या पत्रांचा, पातळ. थोरल्याच्या पोटावर वहिनींच्या बहिणीचं अक्षर उलटं दिसायचं. शिवाय दोघांच्या मधे ओला टॉवेल टांगलेला असायचा, हवा ओली राहावी म्हणून. "पोरीला ताप आला तवा टॉवेल मी भिजवला," वहिनी म्हणायच्या, "ह्यांनी कुणाला भिजवला ते बघ." हसत नसत म्हणताना. त्यांना ते खरंच लागलेलं होतं, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर होतं.

ती पोरगी रिव्का. ती मोठी झाली, सैन्यात जाऊन आली, तेल अविवला एका कचेरीत लागली. आईबापांशी हिब्रूत बोलायची. ते मराठीत विचारायचे, ती हिब्रूत उत्तर द्यायची, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

पण त्या घरातला पक्का रिवाज सांगायचा राहिला. भाऊ कपाटावरून जाताना ते वाजवायचेच. टक् टक्. आणि वहिनी जिथे असतील तिथून, स्वैपाकघरातून, गॅलरीतून, न्हाणीतून ओरडायच्या, "अवो, हात नका लावू त्याला!" दिवसातून कितीदा तरी. माझ्या घरात ऐकू यायचं. घड्याळाचे ठोके कानांवर पडतात आणि पडत नाहीत, तसं ते आम्हा शेजाऱ्यांना झालं होतं.

ऐंशीच्या जरा आधी सारावहिनी विसरायला लागल्या. आधी हिब्रू गेली. दुकानात जाऊन त्या मराठीत साखर मागायच्या आणि मिळाली नाही की चिडायच्या. मग येरुहाम गेलं. खिडकीतून बाहेर बघून म्हणायच्या, "भरती उतरली वाटतं." मग रिव्काचं नाव गेलं. ती शुक्रवारी बसने यायची, आईसमोर बसून "इमा, इमा" करायची, आणि वहिनी मला हळूच विचारायच्या, "ही कुणाची पोर? हिला घरी नाय का कुणी?" रिव्का मग गॅलरीत जाऊन उभी राहायची.

एकदोनदा वहिनी घरातून चालत्या झाल्या. समुद्राकडे निघाल्या होत्या. एकदा बसस्टॉपवरून आणल्या, एकदा शाळेच्या मागून. आम्ही सगळ्यांनी धास्ती घेतली. मग भाऊंच्याच लक्षात आलं, की कपाटाचं आरशाचं दार उघडं ठेवलं की वहिनी त्याच्यापुढे खुर्ची घेऊन बसतात. एकेक लुगडं काढायचं, मांडीवर उलगडायचं, घडी घालायची, परत ठेवायचं. वरचा कप्पा संपला की खालचा. मधेच लाकडाला नाक लावून वास घ्यायच्या. तासन् तास. दाराला कुलूप नको, माणूस नको. भाऊ बिनघोर कारखान्यात जाऊन यायचे. बाकी सगळी दुनिया पुसली गेली होती, तरी भाऊंनी येता जाता टक् टक् केलं की खुर्चीतून आवाज यायचा, "हात नका लावू त्याला." तेवढं वाक्य शाबूत होतं. ते ऐकायला भाऊ जास्तच वाजवायचे.

मग रिव्काने ठरवलं. तेल अविवजवळ अशा माणसांना ठेवून घेणारी एक संस्था होती. तिथे आईला ठेवायचं, वडलांनी तिच्याकडे राहायचं, शिकूनची जागा सोडायची. पोरगी वाईट नव्हती. दर शुक्रवारी बसचे धक्के खाऊन तीच येत होती. भाऊंनी विचारलं, "आणि कपाट?" ती म्हणाली, "अबा, एन मकोम." जागा नाही. आणि मग, "तिझरोक एत झे." टाकून दे.

 पुढच्या आठवड्यात मी वहिनींच्या गोळ्या घेऊन गेले, तर ते कपाटापाशी उभे. मला म्हणाले, "तू बरी आलीस. बघ." आणि त्यांनी वाजवलं. टक् टक्. वहिनी मांडीवरच्या लुगड्याचा काठ सरळ करत होत्या. काहीच बोलल्या नाहीत. भाऊंनी पुन्हा वाजवलं. नाही.

"तीन दिवस झाले, काय बोलत नाय," भाऊ म्हणाले. मग खाली वाकून, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्यांनी विचारलं, "सारा, कापू का?"

वहिनींनी वर बघितलं. छान हसल्या. "कापा की."

"आयकलंस ना? तू साक्षीला हायस."

मी म्हटलं, "रूबेनभाऊ, त्या आता सगळ्यालाच हो म्हणतात. चहा घेता का विचारलं तर घेते की. मरता का विचारा, मरते की म्हणतील."

"सगळ्याला म्हणत असंल. कपाटाला कदी म्हणाली नव्हती."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी देवाशपथ सांगते. पण त्या पाण्यामागे दुसरंही काही होतं, आणि तेही मी पाहिलं. टाकून द्यायचं त्यापेक्षा आपल्या हाताने सुटं करावं, हे खरं होतं. पंधरा-सोळा वर्षं माणूस त्या फळ्यांसाठी झुरला होता, हेही खरं होतं. कुठलं किती, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, निदान वहिनींना तिकडे नेईपर्यंत थांबा. ते म्हणाले, "नेल्यावर ती आयकणार कुठनं?" म्हणजे पेट्यांचा आवाज. तो तिने ऐकावा, ही त्यांची इच्छा होती.

त्यांनी करवत फार कमी चालवली. खुंट्या काढून कपाट उकललं, जिथे आखूड करायचं तिथेच कापलं. मिकलातमधून खोबरेलाचा वास जिन्यात यायचा. आयुष्यभर त्यांनी पेट्यांचे एवढे नकाशे काढले, पण शेवटी केल्या त्या अगदी साध्या, बंद पेट्या. वर वहिनी मधल्या दिवसांत खुर्चीत बसून असायच्या, समोर वर्तमानपत्रांवर लुगड्यांचे ढीग. त्या ढिगांना हात लावत नसत. भाऊ म्हणाले, "शांत हाय बघ." शांत होत्याच.

त्या दिवशी माझी दवाखान्यात पाळी होती. दुपार उतरल्यावर मी घरी येत होते, तेव्हा कोपऱ्यावरच मला पायांखाली काहीतरी जाणवलं. मग ऐकू आलं. जमिनीखालून सनई वाजत होती. खोटं कशाला बोलू, तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. वाजवणारा श्वास घेतो तोसुद्धा ऐकू येत होता. गॅलऱ्यांत बायका उभ्या होत्या. मिकलातमध्ये आमचे सगळे पुरुष भिंतीला टेकून बसले होते, हझान डोळे मिटून. सनईची तबकडी लावायच्या आधी रेडिओ लावून पाहिला होता म्हणे, आणि नव्या पेट्यांतून पहिला शब्द निघाला तो हवामानाचा: नेगेवच्या वाळवंटात उष्मा वाढेल. सगळे हसले होते. भाऊ मधोमध उभे होते. मला बघून त्यांनी पेटीवर पेर आपटलं, मान कलती केली, आणि म्हणाले, "मुकी हाय." इतका सुखी माणूस मी येरुहाममध्ये पाहिलेला नाही.

मी म्हटलं, "वहिनींना नाही आणलं?"

"आता आणतो. सूर नीट लागू दे म्हटलं आदी."

मी वर गेले. दार उघडं होतं. फरशीवर कपाटाच्या चार पायांचे चार स्वच्छ चौकोन, बाकी खोली वर्षांच्या धुळीने मळकी. खुर्ची त्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. खुर्चीत कुणी नव्हतं. खालून सनई येत होती.

भाऊंना सांगितलं तेव्हा ते आधी मिकलातच्याच कोपऱ्या-कोपऱ्यात बघायला लागले. "कपाट हितं हाय ना," ते म्हणत होते. "ती कपाटाकडंच येणार. दुसरीकडं कुठं जाईल?" लोक बाहेर धावले, कुणी पोलिसांकडे गेलं, पोरं सायकली घेऊन गेली. भाऊ पेट्यांपाशीच उभे राहिले, वहिनी तिथे येतील म्हणून. पेटीचं सगळं शास्त्र ज्या माणसाच्या बोटात होतं, त्याला ती एक पेटी कळली नव्हती. वहिनींना घरात धरून ठेवणारं तेवढंच होतं, आणि ते त्याने स्वतः खुंटी खुंटी करून उकललं होतं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. अजून आठवलं की येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाळवंटातल्या एका बदावी अरबाने वहिनींना आपल्या गाडीतून आणलं. शेजारच्या दिमोना गावाच्या रस्त्याच्या बाजूला एका कोरड्या ओहोळात बसल्या होत्या. पायांत काही नव्हतं. बेर्शेव्याच्या इस्पितळात मी त्यांच्याजवळ होते. ओठ फुटलेले, पण मधेमधे बोलायच्या. "घरी जाते मी. उघडं ऱ्हायलंय. धूळ जाईल कपड्यांत." भाऊ उशाशी बसून म्हणायचे, "बंद केलंय, सारा. मी बंद करून आलोय." त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा तेच म्हणायच्या. आठवडाही काढला नाही त्यांनी.

सुतकाच्या सात दिवसांत आमच्यात घरातले आरसे झाकतात. त्या घरातला आरसा दारातून सुटा होऊन गॅलरीत भिंतीला टेकवलेला होता आणि तो झाकायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. जमिनीवर बसलेले रूबेनभाऊ त्यात दिसत होते. मी घरून चादर आणून टाकली. जो भेटायला येई त्याला ते एकच सांगत, "ती कापा म्हणाली. फ्लोराबाय होती." लोक माझ्याकडे बघत.  म्हणाल्या होत्या, हे खरंच होतं. पुढून हो म्हणाल्या होत्या.

रिव्का वडलांना न्यायला आली, पण ते गेले नाहीत. ती वर्षभर येत राहिली, मग कमी येऊ लागली. भाऊंनी कारखाना सोडला. मिकलातला कुलूप लागलं. घरात शिरल्यावर माझं दार वाजवायचं त्यांनी बंद केलं. शालोम म्हणून गुपचूप बसायचे. मला ते फार वाईट वाटायचं. वाटायचं, वाजवा एकदा, आणि सांगा भुसा आहे म्हणून.

पुढे माझ्या मुलाला अरादमध्ये काम लागलं आणि आम्ही येरुहाम सोडलं. निघायच्या दिवशी मी त्यांचा निरोप घ्यायला गेले. बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या आतल्या खोलीत पाऊल टाकलं. फरशीवरच्या त्या चार चौकोनांवर दोन्ही पेट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, मधे आरसा. लाकूड तेलाने चमकत होतं. स्पीकर नव्हते. दोन्ही पेट्यांना नुसती हातभर रुंद गोल भोकं. मी वाकून बघितलं. आत लुगडी होती, घडीवर घडी.

"थोरला, धाकटा?" मी विचारलं.

"खाली हायत. तडकले असतील." मग म्हणाले, "कपडे कुठं ठेवू तिचे? दुसरं लाकूड नाय घरात."

त्यांनी भोकातून हात घातला, खांद्यापर्यंत, आणि चाचपून एक घडी सारखी केली. हात बाहेर काढला तेव्हा त्याला खोबरेलाचा वास होता. मला म्हणाले, सांभाळून जा, अरादची हवा चांगली आहे म्हणतात. मी त्यांच्या पाया पडले. राग तिथेच होता, तरी पडले.

बाहेर आले, त्यांनी दार लावून घेतलं. मी जिन्याची पहिली पायरी उतरले असेन. त्या भुशाच्या दारामागून स्पष्ट ऐकू आलं. टक् टक्. मी थांबले. आत अगदी शांत होतं. त्यांनी मान डावीकडे कलती केली असेल, हे मला न बघता दिसत होतं. थोड्या वेळाने पुन्हा वाजलं.